मधेच जाणारा आवाज

पुष्कर शिकायला हायडेलबर्गला गेला आणि जर्मनीतल्याच बॉबलिंगेनच्या घरात त्याचे बाबा, दिनकर, एकटेच उरले. जाताना त्याने गिटारचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्यांच्याकडे दुरुस्तीला ठेवला होता. वाजता वाजता त्याचा आवाज मधेच जायचा.

दर रविवारी पुष्करचा फोन येई. "सापडलं का काही, बाबा?"

"अजून नाही रे. आज एकेक व्हॉल्व्ह पेन्सिलीने ठोकून पाहिला."

मग अर्धा तास बोलणं चाले. कधी जेवणाखाणाचाही विषय निघे.

या रविवारी तो म्हणाला, "जाऊ दे, बाबा. मी दुसरा घेतलाय. तू नको आता त्रास घेऊस. च्यूस, ठेवतो!"

"अरे थांब, दोष सापडलाय! महिन्यापूर्वीच सापडलाय, एका तारेचं सोल्डर सुटलं होतं..." दिनकर घाईघाईने सांगत राहिले.

फोन केव्हाच बंद झाला होता.