तळपायाची आग

पंधरा वर्षांच्या मुलीचे पाय बर्फाच्या बादलीतून बाहेर निघत नव्हते. काढले की लालबुंद व्हायचे आणि ती किंचाळायची. बेकरीत काम करणारे वडील सुरुवातीला म्हणाले, "एवढ्या-तेवढ्याने रडू नये, सोसायला शिकावं." दोन महिन्यांत तळव्यांना जखमा झाल्या, तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आजार ओळखला.

"कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या उगाचच फुलतात, म्हणून ही आग होते. लाखात एखाद्याला होतो हा आजार. गोळ्या देते, पंख्याचा वारा घ्या. पण बर्फ आजपासून बंद. बर्फानेच पाय सडायला लागलेत."

"बर्फ बंद करू नका हो," मुलीने हात जोडले. "त्यापेक्षा माझे पाय कापून टाका."

आईने तोंड फिरवलं.

डॉक्टरीणबाई वडिलांकडे वळल्या. "रक्ताच्या आजारानेही असं होतं, पण तपासणीत तसा काही दोष निघाला नाही. म्हणजे बहुधा हे घराण्यातून आलंय. तुमच्याकडे कुणाचे पाय जळतात?"

"कुणाचेच नाही. माझे जळतात, पण ते भट्टीमुळे. वीस वर्षं भट्टीपुढे उभा आहे."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

वडिलांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

"शाळेत होतो तेव्हापासून जळतात," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, सगळ्यांचेच जळत असतील."