काटा साठवर

गेवराईच्या मुबीन मिस्त्रीनं जत्रेसाठी पोरांना बसायची छोटी रेल्वे बनवली. जत्रा कमिटीचे अध्यक्ष विठ्ठलराव म्हणाले, "स्पीडचं मीटर बसव, तरच परवानगी." मुबीननं भंगारातल्या मोटारसायकलचं मीटर काढून इंजिनाच्या चाकाला जोडलं.

पहिल्याच फेरीला विठ्ठलरावांची नात इंजिनामागं बसली. तिचा हात धरून ते रुळाच्या कडेनं चालत होते आणि कार्यकर्ते मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. चालता चालता विठ्ठलरावांची नजर मीटरवर गेली.

"साठ? लेकरं बसल्यात बे! थांबव गाडी!"

"साहेब, मीटर मोटारसायकलचं हाय. हे चाक लई बारकं, म्हणून काटा पळायलाय. तुमी तर सोबत चालायलाव की!"

"मला शिकवू नगंस. मीटर नीट होईस्तवर गाडी बंद!"

भर जत्रेत गाडी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यकर्त्यांचा व्हिडिओ तालुकाभर फिरत होता. त्यात काटा स्पष्ट दिसत होता आणि वर लिहिलं होतं, 'रेल्वे साठच्या स्पीडला, साहेब पायी बरोबरीला!'

मुबीन मीटर खोलायला बसला, तेवढ्यात विठ्ठलरावांचा फोन आला.

"मुबीन, मीटरला हात लावू नगंस. गाडी चालू कर."

मुबीननं पाना खाली ठेवला. विठ्ठलराव पुढं म्हणाले,

"आन् आज काटा ऐंशीवर जाऊ दे. मी जरा भराभर चालतो."