बाकी काही चालू नाही

"एखादी चुकली असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"एकही नाही." तिने पर्समधून गर्भनिरोधक गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. चार महिन्यांची चार. प्रत्येक कप्पा फोडलेला. रोज सकाळी साडेसहाला, डेपोत हजेरी लावायच्या आधी.

शेजारच्या खुर्चीतला नवरा हसला. "डॉक्टर, ही गॅस चालू ठेवून घराबाहेर पडते. गोळीचं काय घेऊन बसलात!"

"गॅस तुम्ही चालू ठेवला होतात."

पाळीला बारा दिवस उशीर झाला होता. बस चालवण्याचं प्रशिक्षण संपायला तीन आठवडे उरले होते. दिवस गेलेत असं कळलं, की तिथे नाव पुढच्या तुकडीत टाकत. पुढची तुकडी कधी, हे डेपोतही कुणी सांगू शकत नव्हतं.

"आणखी काही औषधं?"

"क्षयाची. तिसरा महिना."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "लघवी केशरी होते?"

"होते."

"मग तुमचं काही चुकलेलं नाही. ज्या औषधाने ती केशरी होते, तेच या गोळीला रक्तात टिकू देत नाही. रोज घेतलीत तरी न घेतल्यासारखीच. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, बाकी काय चालू आहे म्हणून?"

"विचारलं होतं," ती म्हणाली. "यांना."

नवरा भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचू लागला.

"मला खोकल्याची उबळ आली होती. यांनी सांगून टाकलं, बाकी काही चालू नाही."

"आई शेजारी बसली होती ना! तिच्या तोंडावर काय सांगणार? सकाळ-संध्याकाळ नातवंडाचा जप चाललाय तिचा."

"आणि बारा दिवस वेंधळी मी."

डॉक्टरबाईंनी झाकणाची एक छोटी डबी तिच्यापुढे सरकवली. "आधी तपासू. दिवस गेलेले असतील, तर पुढे काय करायचं ते ठरवलंय?"

नवऱ्याने घसा खाकरला. "त्याचं असं आहे डॉक्टर, आमचं म्हणणं..."

"डॉक्टर," डबी उचलत ती म्हणाली, "यांना बाहेर बसवा."