बर्माकडून

"फक्त एवढंच म्हणायचं, काका. 'मी भारताकडून खेळलो.' बाकी आम्ही सांभाळतो." माइकवर हात ठेवून विद्याधर कुजबुजला.

बायकांच्या खुर्च्यांत पुढे बसलेल्या सुगंधाला ते ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. हेच वाक्य ती सकाळपासून नवऱ्याला, काशीरामला, पढवत होती. त्यानं हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं.

वाकोल्याच्या मैदानावर मंडळाच्या फुटबॉल स्पर्धेचा शेवटचा सामना होता. दिल्लीचं एशियाड नुकतंच संपलेलं, त्यामुळे गर्दी कधी नव्हे एवढी. मंडळाचा सेक्रेटरी विद्याधर. त्यानं पत्रिकेवर छापूनच टाकलं होतं: 'भारताचे माजी फुटबॉलपटू काशीराम यांचा सत्कार.'

काशीराम फुटबॉलपटू होता हे खरं. पण तो खेळला होता बर्माकडून. त्याचा बाप राजापूरहून रंगूनच्या गोदीत कामाला गेलेला. काशीराम तिथंच जन्मला, तिथल्याच गल्ल्यांत खेळला आणि तिथल्या राष्ट्रीय संघात डाव्या बगलेला उभा राहिला. मग चौसष्ट साली तिथल्या सरकारनं भारतीयांना बाहेर काढलं. दोन वर्षांनी बर्मानं एशियाडचं सोनं जिंकलं. त्या संघातली निम्मी पोरं त्याच्या जोडीची. तो तेव्हा मरोळच्या कारखान्यात रंगाचे डबे उचलत होता. अजूनही तेच करत होता. फक्त गुडघे आता ऐकत नव्हते.

म्हणून सुगंधाचा जीव या सत्कारात अडकला होता. व्यासपीठावर मधोमध बसलेले शरच्चंद्र पार्ल्याची एक शाळा चालवत. त्यांना खेळाचा शिक्षक हवा होता. भारताकडून खेळलेला माणूस मिळत असेल तर एक तारखेपासून येऊ दे, असं त्यांनी विद्याधरला सांगून ठेवलं होतं.

शरच्चंद्रांनी काशीरामच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. काशीराम माइकसमोर आला.

"मी बर्माकडून खेळलो," तो म्हणाला. "रंगूनला भारताबरोबर सामना झाला. त्यात मी गोल मारला. आम्ही जिंकलो."

मग मागून एक शिट्टी आली, आणि कुणीतरी ओरडलं, "मग बर्मालाच जा ना!"

शरच्चंद्र वाईट माणूस नव्हते. ते उठून जवळ आले. "अहो, चुकून लागला म्हणा. लोक हसतील, विषय संपेल."

"चुकून नाही लागला, साहेब. बघून मारला होता."

"बरं, निदान वाईट वाटतं असं तरी म्हणा."

"गोल मारल्याची माफी मागणारा माणूस तुमच्या पोरांना शिकवणार काय?"

माइक चालूच होता. हे सगळ्यांनी ऐकलं. काशीरामनं शाल काढली, नीट घडी करून टेबलावर ठेवली आणि तो पायऱ्या उतरला. एका एका पायरीवर गुडघा धरत. सगळ्या बायका वळून सुगंधाकडे बघत होत्या. ती उठली आणि मान खाली घालून त्याच्या मागोमाग निघाली.

नाल्यावरच्या पुलावर तिनं त्याला गाठलं. मग तिला राहवेना.

"एक वाक्य होतं हो. एकच. खोटं बोलला असतात तर कुणाचं काय जाणार होतं? तुम्ही रात्री कण्हता ते मी ऐकते. तुम्हाला वाटतं मी झोपलेय."

काशीराम कठड्याला टेकला.

"तुला सांगितलं नाही कधी. रंगूनच्या धक्क्यावर मी आणि बाबा रांगेत होतो. बोट लागलेली. तिथल्या अधिकाऱ्यानं मला ओळखलं. माझा खेळ बघितलेला त्यानं. म्हणाला, तू परदेशी म्हणून चाललायस, आणि आमच्या संघात परदेशी कधी नव्हता. इथं सगळ्यांसमोर म्हण, मी बर्माकडून खेळलोच नाही. आणि चढ बोटीवर."

"मग?"

"नाही म्हटलं. त्यांनी मला बाजूला काढलं. बाबा एकटे चढले. मला सोडलं पुढच्या वर्षी. इथं उतरलो, तर बाबा नव्हते."

सासऱ्यांचा फोटो सुगंधा लग्नापासून पुसत आली होती. मुंबईला आले आणि गेले, एवढंच तिला माहीत होतं. ते त्या बोटीवर एकटे होते, आणि का होते, हे तिला आज कळत होतं.

"तिथं हेच मागितलं," काशीराम म्हणाला. "इथंही हेच मागतात." आणि तो चालू लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विद्याधर खोलीवर आला. काशीराम अजून कामावरून यायचा होता.

"काकू, साहेब अजून तयार आहेत. मोठ्या मनाचा माणूस. काकांनी फक्त शाळेत येऊन सांगायचं, बोलताना चूक झाली, भारत म्हणायचं होतं. तुम्ही समजावलंत तर ऐकतील ते."

ते खरं होतं. त्यानं कुठल्या अधिकाऱ्याचं ऐकलं नव्हतं, कुठल्या साहेबाचं नाही, पण सुगंधानं रडून मागितलं असतं तर कदाचित त्यानं ते वाक्य म्हटलंही असतं.

तिनं विद्याधरसमोर चहाचा कप ठेवला.

"ते बर्माकडून खेळले," ती म्हणाली. "तसा माणूस चालत असेल तर एक तारखेला येतील. नसेल चालत, तर चहा घ्या आणि या तुम्ही."