नात्याचा रकाना

"एका शब्दाचे दोन-दोन अर्थ कायले ठेवतेत हे लोक," गुंजनच्या शिकवणीच्या वहीत वाकून पाहत गोदावरीबाई पुटपुटल्या.

शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या गुंजनला हसू आलं. लाखनीतल्या पोरांना ती इंग्रजी शिकवायची. वहीतला तो शब्द दवाखान्याच्या फॉर्मवरही होता.

"फॉर्मवर रिलेटिव्ह म्हणजे नातेवाईक, माय. किडनी घरच्यानंच द्यायची ना."

"अन् दुसरा?"

"एकाच्या मानानं दुसरं. तुमसरच्या मानानं लाखनी लहान, तसं."

"असं होय," म्हणून मायनं वही मिटली.

उद्या नागपूरला निघायचं होतं. पलीकडे खाटेवर पडलेल्या बाबांना, केवळरामांना, गुंजन किडनी देणार होती. मायला शुगर, तिचं जमणार नव्हतं. भावाचा, प्रविणचा, रिपोर्ट आला तेव्हा माय एवढंच म्हणाली होती, "काहीच जुळलं नाही."

तेव्हापासून धानाचं पोतं सहज खांद्यावर घेणारा प्रविण ताईपुढे चहाचा कप ठेवतानाही खाली बघायचा. आणि माय दुधाचा पहिला पेला गुंजनला द्यायची. तिला नवऱ्याचं घर सोडून आल्याला सहा वर्षं झाली, हे लाड नवीनच होते.

गुंजनचं बारावीपर्यंत सायन्स होतं. पोटच्या लेकराचं बापाशी अर्धं तरी जुळतंच, हे तिला ठाऊक होतं. काहीच नाही जुळत म्हणजे काय, ते ती एकटीच समजली. प्रविण आला तेव्हा ती तीन वर्षांची, आठवणार काय? त्याचं साक्षगंध नुकतंच झालेलं, लग्न तोंडावर आलेलं. अशात त्याला कळलं तर तो खचेल. तिनं रिपोर्ट बघायलाही मागितला नाही. आपलं नाव देऊन मोकळी झाली.

आज मात्र मायचा उतरलेला चेहरा तिला बघवेना.

"माय, मले माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "प्रविण तुह्या पोटचा नाही. पण मी कोणाले सांगणार नाही. माह्यासाठी तो भाऊच."

"कोणं सांगतलं तुले?" मायच्या हातातली वही खाली पडली. "याच खोलीत बाळंत झाली मी त्याची."

"मंग काहीच कसं जुळलं नाही?"

खाटेवरच्या बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हायवेवरून एक ट्रक गेला, त्याच्यामागं दुसरा गेला.

"जुळलं होतं," माय म्हणाली. "पण त्याच्या मानानं तुहं आता काय राहिलं आहे, गुंजन?"