नोएलियाची पाच वर्षं

नोएलियाची आई दुपारीच येऊन धडकली आणि वर्नाची पंचाईत झाली. निरोपाचं जेवण संध्याकाळी होतं, चर्चच्या तळघरात. नोएलिया अजून दवाखान्यात होती. वर्नाचे हात कोपरापर्यंत पिठात.

"मी अंपारो," दारातली बुटकी बाई म्हणाली. "लारेडोहून दोन दिवस गाडी चालवत आलेय. आधी बाथरूम दाखवा, ओळखपाळख मग."

वर्नानं बोटानं दाखवलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. गाडीला मागे ट्रेलर जोडलेला होता, ताडपत्रीखाली गच्च भरलेला. पोरीचं सामान ही बाई कुठे कोंबणार, असं तिच्या मनात येऊन गेलं.

वर्ना विधवा होती. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढून घरी बसलेली. वरची खोली तिनं नोएलियाला भाड्यानं दिली होती. नोएलिया नेब्रास्काच्या या टोकाला आली ती कर्जापायी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिनं बँकेकडून कर्ज काढलं होतं, आणि असल्या आडगावात नर्स म्हणून राहिलं की सरकार ते फेडून टाकणार होतं. आल्या आल्या तिनं "तीन वर्षं" सांगितलं होतं; पुढे अट वाढली म्हणाली, "पाच वर्षं." ती पाच वर्षं आता भरली होती.

डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे नोएलियाच. बर्फानं रस्ते बंद झाले तेव्हा गावातल्या ड्वोराकांच्या सुनेचं जुळ्यांचं बाळंतपण तिनं एकटीनं केलं. साखरेच्या दुखण्यानं वर्नाचा पाय कापायची वेळ आली होती, तो तिनं रोज पट्टी करून वाचवला. ती गेली की दवाखान्याला कुलूप लागणार होतं. दुसरी नर्स मिळत नव्हती आणि इस्पितळ दोन तासांवर.

तरी वर्ना तिला एकदाही 'थांब' म्हणाली नाही. दर रविवारी वरून फोनवरचं बोलणं ऐकू यायचं. "नाही गं आई, कर्ज फिटल्याशिवाय कशी येऊ?" मग फोन ठेवल्यावर पोर कितीतरी वेळ गप्प असायची. अडकून पडलेल्या माणसाला आणखी अडकून राहा म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

परवाच नोएलियानं पदरचे पैसे घालून दवाखान्याला नवे पडदे लावले होते. जाता जाता पोर चांगलं करून जातेय, असं म्हणून वर्ना न्हाणीघरात जाऊन रडली होती.

अंपारो हात पुसत येऊन बसली. वर्नानं तिच्यापुढे कॉफी आणि ताज्या गोड पावांची ताटली ठेवली.

"कोलाचे घ्या. जर्दाळूचे आहेत."

"पोरीला आवडतात का हे?"

"चार-चार खाते. आणि मग माझ्यावर ओरडते, तुम्ही खायचे नाहीत म्हणून."

अंपारो हसली. वर्नानं पुन्हा पिठात हात घातले.

"तुमच्याशी खोटं बोलत नाही," वर्ना शेवटी म्हणाली. "मला ती जायला नकोय. पण तिनं तिची वर्षं पुरी केली. आता कर्ज माफ झालं, सुटली बिचारी. तुम्ही खुशाल न्या."

"आता?" अंपारोनं कप खाली ठेवला. "अहो, कर्ज दोन वर्षांपूर्वीच माफ झालंय. तीनच वर्षांची अट होती."

वर्नाचे हात पिठातच थांबले.

"जामीन मीच होते ना. फिटल्याचा फोन बँकेनं मलाही केला. मी केक आणला, नोएलियाच्या फोनची वाट बघत बसले. रविवारी फोन आला, तर म्हणते, आई, अजून दोन वर्षं."

"पण का?"

"का म्हणजे? तिला इथून जायचंच नव्हतं. आणि मी तिकडे एकटी, त्यामुळे 'मी इथेच राहतेय' असं मला सांगायची तिची हिंमत नव्हती. आधी मला राग आला. केक सगळा मीच खाल्ला. मग दर रविवारी ऐकत गेले. ड्वोराकांची जुळी चालायला लागली, मिस वर्नाची जखम भरली. कर्जात बुडालेली पोर इतकी खुशीत बोलते होय?"

छातीवरचा दगड कुणीतरी उचलावा तसं वर्नाला झालं. ती हसायला लागली, पिठाच्या हातांनीच डोळे पुसायला लागली. मग एकदम थांबली.

"म्हणजे तिला राहायचंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी न्यायला आलात?"

"न्यायला कोण आलंय?" अंपारोनं दुसरा कोलाचा उचलला. "लारेडोचं घर मी मंगळवारी विकलं. मी झोपायचं कुठे, तेवढं सांगा."