ढोलाच्या शेजारी

शाळेच्या बँडमधला मोठा ढोल पोटावर बांधला की दाऊदला स्वतःचे पायही दिसत नसत. म्हणून मास्तरांनी झांजवाल्या काशीरामला त्याच्या शेजारी चालायला लावलं. झांजा वाजवायच्या आणि ओठ न हलवता पुटपुटायचं, "खड्डा हाय. दगड हाय. जरा डावीकडं." अलिबागच्या स्पर्धेत त्यांच्या पनवेलच्या शाळेचा पहिला नंबर आला. दाऊद एकदाही अडखळला नव्हता. फोटोत मात्र काशीराम असा ढोलाआड गेला, की त्याच्या झांजेची कड तेवढी दिसते. पुढे कुणी बँडचा विषय काढला की तो चिडायचा. "मी कसला बँडवाला! दुसऱ्याला खड्डे दाखवले, झालं."

त्याला दहा वर्षं झाली. आज काशीराम बायकोला, मालूला, दवाखान्यात घेऊन निघाला होता. तिचे दिवस भरत आलेले, आणि बाजारातल्या रस्त्यावर नुकतीच खडी टाकलेली. पोटापलीकडचं काही दिसेना, तशी ती घाबरून जागीच थांबली.

काशीराम तिच्या शेजारी आला. "खाली बघू नको. समोर बघ नि चल. खड्डा हाय. आता दगड. जरा डावीकडं."

दवाखान्याच्या पायरीपर्यंत मालू एकदाही अडखळली नाही.

"असं चालवायला कुठं शिकलाव तुमी?"

"बँडमधी," काशीराम छाती काढून म्हणाला. "मोठा ढोल माझ्याच भरवशावर होता."

मालूने हसून त्याचा हात आपल्या पोटावर ठेवला. "मंग ह्यो बी सांभाळा. सकाळपासनं वाजतोय."